पाण्याचा सातबारा

ऐरोलीला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत राज्य भार प्रेषण केंद्र आहे. महाराष्ट्राला या क्षणी किती वीज लागते आहे आणि ती कोणत्या केंद्रातून किती घ्यायची, याचा ताळमेळ तेथे अहोरात्र घातला जातो. वीज तयार होते त्याच क्षणी वापरली जाते. मागणी आणि निर्मिती यांचा तोल ढळला की ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्याची, वारंवारिता ५० हर्ट्‌झपासून सरकू लागते. माझी उमेदीची वर्षे वीजवहनाच्या कामात गेली आणि आता मी ठाणे खाडीच्या याच काठावर राहतो. त्यामुळे विजेचा कोणताही नवा स्रोत पुढे आला की तो स्वच्छ आहे का, या प्रश्नाच्या जोडीने आणखी दोन प्रश्न माझ्या मनात उभे राहतात : ही वीज नेमकी केव्हा येणार, आणि ती कोणाच्या अंगणातून येणार? भारताच्या समुद्रात पवनचक्क्या उभारण्याविषयी गेली काही वर्षे जे बोलले आणि लिहिले जात आहे, त्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर भरभरून मिळते, दुसऱ्याचे थोडेफार मिळते आणि तिसऱ्याचे जवळजवळ मिळतच नाही.

वाऱ्यासाठी समुद्रात कशाला जायचे, हे आधी सांगायला हवे. जमिनीवरच्या वाऱ्याला डोंगर, झाडे आणि इमारती अडवतात. पाण्यावर तो अडत नाही, त्यामुळे तेथे तो अधिक वेगवान तर असतोच, पण अधिक एकसारखाही असतो. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग सेकंदाला ६ मीटरवरून ८ मीटर झाला तर ऊर्जा एक तृतीयांशाने न वाढता जवळजवळ २.४ पट होते. शिवाय जमिनीवर पाते केवढे मोठे करायचे याला घाटातल्या वळणांची मर्यादा असते, कारण ते अखंड न्यावे लागते. समुद्रात ते जहाजाने नेता येते. आज १५ मेगावॉटच्या पवनचक्कीच्या रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, व्यास २३६ मीटरपर्यंत पोहोचला आहे आणि त्याच्या एका फेऱ्यात ४३,००० चौरस मीटरहून अधिक क्षेत्र व्यापले जाते. वाऱ्यातील सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. कितीही उत्तम यंत्र बनवले तरी ५९.३ टक्क्यांच्या पुढे जाता येणार नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्‌झ यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. तरीही एवढ्या मोठ्या वर्तुळातून आणि एवढ्या सलग वाऱ्यातून जे हाती लागते, ते थोडके नाही.

याची सुरुवात डेन्मार्कने केली. १९९१ मध्ये व्हिन्डेबी येथे उथळ पाण्यात ४५० किलोवॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सगळ्यांची मिळून क्षमता ५ मेगावॉटही नव्हती. त्यांनी पाव शतक काम केले आणि २०१७ मध्ये त्या उतरवण्यात आल्या. त्यानंतर पाचच वर्षांनी, २०२२ मध्ये, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे १६५ पवनचक्क्यांचा आणि १,३०० मेगावॉटहून अधिक क्षमतेचा हॉर्नसी-२ प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू झाला. वीजक्षेत्रात एखादे तंत्र इतक्या वेगाने वयात आलेले मी फार थोडे पाहिले आहे.

आता ‘केव्हा’ या प्रश्नाकडे येतो, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठी या विषयातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, असे मला वाटते. भारतात पवनऊर्जेची वर्षभरातली बहुतांश वीज मे ते सप्टेंबर या महिन्यांत तयार होते. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला ज्यांनी आषाढात पवनचक्क्या फिरताना पाहिल्या आहेत, त्यांना हे आकड्यांनी सांगायची गरज नाही. नेमक्या याच महिन्यांत आभाळ भरलेले असते आणि सौरऊर्जा मंदावते. आपण गेल्या दहा वर्षांत सौरऊर्जेवर फार मोठी भिस्त ठेवली आहे आणि ती योग्यच आहे, कारण तिच्याइतकी स्वस्त वीज दुसरी नाही. पण सूर्य रोज संध्याकाळी मावळतो आणि पावसाळ्यात दिवसाही झाकला जातो. समुद्रावरचा नैर्ऋत्य मोसमी वारा रात्रीही वाहतो. भार प्रेषणाच्या कामात ज्या माणसाने जुलैतल्या ढगाळ संध्याकाळी कोळशावरच्या वीजसंचांची निर्मिती वाढवताना पाहिली आहे, त्याला सूर्याची आणि वाऱ्याची ही पाळी किती मोलाची आहे हे लगेच कळेल. पावसाळ्यात शेतीपंपांची मागणी उतरते, त्यामुळे ही वीज सगळीच्या सगळी टंचाईच्या काळात येते असे म्हणणे खरे ठरणार नाही. मात्र शहरांचा भार कायम राहतो आणि तो आपल्याच पट्ट्यात एकवटलेला आहे. त्या दिवसांत जितका कोळसा जळायचा वाचेल आणि कोयनेतले जितके पाणी उन्हाळ्यासाठी राखता येईल, तितका राज्याचा फायदाच आहे.

याच काळाला एक दुसरी बाजू आहे आणि ती लपवू नये. ज्या महिन्यांत वारा सर्वांत चांगला असतो, त्याच महिन्यांत समुद्र इतका खवळलेला असतो की दुरुस्तीची बोट पवनचक्कीच्या खांबाला लागणे कठीण होते. जुलैत गिअरबॉक्स किंवा केबल बिघडली तर वर्षातली सर्वाधिक कमाईची वेळ दुरुस्तीची वाट पाहण्यात जाऊ शकते. उत्तर समुद्रातल्या लोकांनाही वादळे असतात, पण तीन महिने सलग चालणारा मोसमी समुद्र त्यांच्या वाट्याला येत नाही, म्हणून त्यांचे देखभालीचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून चालणार नाही. चक्रीवादळे तर आहेतच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून पुढे सरकून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच वादळात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या परिसरात पी-३०५ ही कामगारांची निवासी बार्ज बुडाली आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. वाऱ्याचा वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास गेला की पवनचक्की पाती वळवून स्वतःला थांबवते. पण तिच्या उभारणीसाठी आणि दुरुस्तीसाठी समुद्रात गेलेल्या माणसांना वेळेत माघारी आणणे हे यंत्राचे काम नव्हे. ते काम माणसांचे आहे आणि कोणत्याही प्रकल्पाच्या कागदपत्रांत ते पहिल्या पानावर असायला हवे.

भारतात या प्रवासाची गती धीमी राहिली आहे. राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये आले. २०१७ मध्ये गुजरातेत खंभातच्या आखातात, पिपावावजवळ किनाऱ्यापासून सुमारे २३ किलोमीटरवर, लेझरच्या साहाय्याने वारा मोजणारे लायडार यंत्र बसवले गेले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्यास मंजुरी दिली, आणि त्यातले ६०० कोटी बंदरांच्या सुधारणेसाठी ठेवले. हे साहाय्य लागते याचे कारण सरळ आहे : समुद्रातली वीज जमिनीवरच्या सौरविजेपेक्षा बरीच महाग पडते. ही अडचण श्रीमंत देशांनाही आहे. २०२३ मध्ये ब्रिटन सरकारच्या लिलावात पोलादाचे भाव आणि व्याजदर चढलेले असताना सागरी पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नव्हती. मला हा खर्च तरीही योग्य वाटतो, कारण पहिले हजार मेगावॉट उभारताना देश जे शिकेल ते पुढच्या प्रकल्पांच्या किमतीतून वजा होणार आहे.

यात गुजरात आणि तमिळनाडू आहेत, महाराष्ट्र नाही. कोकण किनाऱ्यासमोरचा वारा त्या दोन ठिकाणांइतका जोरकस नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे. वास्तविक देशातले जमिनीवरचे अगदी पहिले प्रात्यक्षिक पवनप्रकल्प १९८६ मध्ये ज्या किनाऱ्यांवर उभे राहिले, त्यांत ओखा आणि तुतिकोरिनच्या बरोबरीने आपली रत्नागिरीही होती. असो. प्रकल्प खंभातच्या आखातात झाला तरी त्याचा ठाणे आणि नवी मुंबईशी काही संबंध नाही असे मानणे चुकीचे होईल. वीज ग्रिडमधून येते आणि पश्चिम विभागाच्या ग्रिडमधला सर्वांत भुकेला कोपरा आपलाच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालये जनरेटरवर आली, तेव्हा हा कोपरा बाहेरून येणाऱ्या मोजक्या वाहिन्यांवर किती विसंबून आहे ते सगळ्यांना दिसले.

समुद्रातली वीज किनाऱ्यावर आणण्याचे जे तंत्र आहे, त्याचा एक मोठा नमुना ठाणे जिल्ह्यातच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला चंद्रपूरहून ५०० किलोव्होल्टची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज नेणारी, वाहिनी येते. ती ७५२ किलोमीटर लांब आहे, १,५०० मेगावॉट वाहून आणते आणि १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. नेहमीची दिशा बदलत राहणारी एसी वीज चंद्रपूरला डीसीमध्ये बदलायची आणि पडघ्याला पुन्हा एसी करायची, असे तिचे काम चालते. समुद्राखालच्या केबलला हे तंत्र आणखी निकडीचे असते. केबलमध्ये तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गाभ्याभोवती इन्सुलेशन आणि त्याबाहेर धातूचे आवरण असते, त्यामुळे संपूर्ण केबल विद्युतभार साठवणाऱ्या एखाद्या प्रचंड कपॅसिटरसारखी वागते. एसीचा दाब सेकंदाला ५० वेळा हेलकावत असल्याने केबल पुन्हा पुन्हा भारित करण्यातच प्रवाह खर्ची पडतो, आणि अंतर शंभरेक किलोमीटरच्या घरात गेले की उपयोगी वीज नेण्यास फारशी जागा उरत नाही. डीसीला ही अडचण येत नाही. स्वीडनने १९५४ मध्ये गोटलंड बेटाला समुद्राखालून डीसी केबलने वीज पोहोचवली ती याच कारणाने. पिपावावसारखा २०-३० किलोमीटरवरचा प्रकल्प एसी केबलवर भागेल, पण पुढे खोल समुद्रात गेलो तर पडघ्याच्या कन्व्हर्टर हॉलमध्ये ज्यांनी हात काळे केले आहेत, त्यांचा अनुभव कामी येईल.

उरणजवळच्या न्हाव्याचेही तसेच आहे. १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजावरून मुंबई हायमध्ये तेल लागले आणि तेव्हापासून किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर माणसे पोलादी मंचांवर राहून काम करीत आली आहेत. त्यांना सामान पुरवणारा तळ न्हाव्याला आहे आणि मुंबई हायचा वायू उरणला उतरतो. पनवेल, उरण आणि नेरूळमध्ये अशी कितीतरी घरे आहेत, जिथला कर्ता माणूस पंधरवडाभर समुद्रात आणि पंधरवडाभर घरी असतो. समुद्रतळात जॅकेट, म्हणजे मंचाचा पोलादी सांगाडा, कसा बसवायचा, पाणबुड्याने खाऱ्या पाण्यात वेल्डिंग कसे करायचे, पावसाळ्याआधी कोणती कामे उरकायची, हे त्यांना पाठ आहे. डेन्मार्कचे एस्बियर्ग हे बंदर आधी मासेमारीवर, मग तेलावर आणि आता पवनचक्क्यांवर जगते. न्हाव्याला तेच करता येणार नाही असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

ही वीज कितपत स्वच्छ आहे, याचे उत्तर थोडक्यात देता येते. पोलाद, सिमेंट, जहाजे आणि शेवटी सगळे उतरवणे असा संपूर्ण आयुष्याचा हिशोब धरून आंतरशासकीय हवामान बदल मंडळाने २०१४ मध्ये जे आकडे दिले, त्यांत सागरी पवनऊर्जेच्या एका युनिटमागे मध्यम अंदाजाने १२ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड येतो आणि कोळशाच्या एका युनिटमागे ८२०. पात्यांचे संमिश्र साहित्य पुन्हा वापरात आणणे अजून अवघड आहे आणि काही यंत्रांतल्या चुंबकांना लागणाऱ्या निओडिमियमचे खाणकाम कुठे ना कुठे जमीन नासवते, हेही खरे. पण या दोन आकड्यांतले अंतर एवढे आहे की त्यावर वाद घालण्यात मी वेळ दवडणार नाही.

पक्ष्यांविषयी मात्र घाई नको. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथल्या काही रोहित पक्ष्यांना जीपीएस टॅग लावले, आणि त्यांच्या नोंदींतून इथले पक्षी गुजरातच्या किनाऱ्याकडे उडत जातात हे दिसले. हे पक्षी लांबचा प्रवास बहुधा रात्री करतात. त्यांची वाट पवनचक्क्यांच्या नियोजित क्षेत्रावरून जाते की जमिनीच्या कडेने जाते, आणि कोणत्या उंचीवरून जाते, हे रडारने आणि टॅगने मोजता येते. खांब रोवण्याआधी ते मोजावे, आणि त्या मोजमापाप्रमाणे प्रस्थानाच्या मोजक्या रात्री यंत्रे थांबवण्याची अट करारातच घालावी. वर्षातल्या काही रात्रींची वीज सोडणे हे फार मोठे मोल नाही.

उरतो तिसरा प्रश्न. मुंबईच्या परिसरात जळणारी वीज नेहमीच कोणाच्या तरी अंगणातून आलेली आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तो मुंबईला वीज देण्यासाठी त्यांची भातखाचरे बुडत होती म्हणून. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे ठाणे-रायगडपर्यंत विखुरली. चंद्रपूरची हवा आणि राख तिथल्या लोकांच्या वाट्याला आली आणि वीज पडघ्याला आली. नवी मुंबईला तर हे वेगळे सांगायला नकोच, कारण हे शहरच ९५ गावांच्या जमिनीवर उभे आहे. हे शहर वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर पाच आंदोलक पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. ते पुरेसे होते की नाही, वेळेवर मिळाले की नाही, हा वाद आजही गावागावांत चालू आहे. पण निदान मागणी कशाच्या आधारावर करायची, हे ठरलेले होते.

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी घ्यायला जातो तेव्हा एका वयोवृद्ध काकांशी बोलणे होते. त्यांना मी पवनचक्क्यांचे सांगितले, तेव्हा त्यांनी विरोध केला नाही; वाऱ्याची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांनी एवढेच विचारले, “दादा, जमिनीला सातबारा होता म्हणून साडेबारा टक्के तरी मागता आले. पाण्याचा सातबारा कुठून आणायचा?”

या प्रश्नाला माझ्या वाचनात आलेल्या कोणत्याही तांत्रिक अहवालात सरळ उत्तर नाही. पिपावावच्या शेजारचे जाफराबाद हे बोंबलाच्या डोल मासेमारीचे मोठे केंद्र आहे. डोल जाळे समुद्रतळाला बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीने त्यात मासळी येते. म्हणजे ते ठरलेल्या जागीच लावावे लागते आणि ती जागा पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या घराची म्हणून ओळखली जाते. त्या जागेची नोंद कोणत्याही तलाठ्याकडे नसते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, आणि पवनचक्क्यांसाठी समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम केंद्राने २०२३ मध्ये केले आहेत. या दोन दारांच्या मधल्या जागेत मच्छिमार उभा राहतो. परदेशातही याचे एक उत्तर नाही. ब्रिटनमध्ये पवनचक्क्यांच्या रांगांमधून मासेमारी करता येते, तर बेल्जियममध्ये ती बंद आहे.

तरीही आपण अगदी रिकाम्या हाताने सुरुवात करीत नाही. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलामुळे बाधित झालेल्या मच्छिमारांच्या सहकारी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांचा परंपरागत हक्क मान्य करून भरपाईचे धोरण आखण्यास सांगितले. हा निकाल आपल्या खाडीतून निघाला आहे आणि तो खंभातच्या आखातातही वाचला जावा, असे मला मनापासून वाटते. मात्र भरपाई एकदा हातात पडते आणि संपते. कोपनहेगनसमोर २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडेन प्रकल्पाच्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या आणि तिचे आठ हजारांहून अधिक सभासद होते. सहकार आपल्याला डेन्मार्ककडून शिकायला नको. किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळीवाड्यात मच्छिमारांची सोसायटी आहे, तिचे डिझेल आहे, बर्फ आहे, हिशोबाच्या वह्या आहेत. समुद्रतळाच्या भाडेपट्ट्यातला ठरावीक हिस्सा प्रकल्प चालेल तितकी वर्षे या सोसायट्यांना देणे, महाराष्ट्रातल्या १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, जेव्हा नाव पाण्यात जात नाही आणि वारा मात्र सर्वाधिक वीज देत असतो, तेव्हा तो वाटणे, आणि देखभालीच्या बोटींवर कोळ्यांच्या मुलांना प्रशिक्षण देऊन घेणे, यात अशक्य असे काहीही नाही.

पण हिस्सा मागायचा तर जागा दाखवता यायला हवी. आता बहुतेक नावांवर जीपीएस असते आणि चांगल्या मासळीच्या जागा त्यात साठवलेल्या असतात. त्या गोळा करून सोसायटीने स्वतःचा नकाशा तयार करावा, तो आपल्याकडे प्रकल्प येण्याची वाट न पाहता करावा आणि त्यासाठी लागेल ती मदत मी करीन, असे मी काकांना सुचवले. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, “नकाशा काढू. पण सगळ्या जागा कागदावर आल्या तर शेजारच्या गावचे लोक उद्याच तिथे जाळी टाकतील. मग सरकारकडून वाचवलेलं आपसातच जाईल.” त्यांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून आता आम्ही बिंदूंऐवजी चौकोन दाखवण्याचा विचार करतो आहोत. नेमकी जागा ज्याच्या त्याच्या नावेवर राहील, सोसायटीच्या दप्तरात सीलबंद यादी असेल आणि बाहेर जाणाऱ्या नकाशावर फक्त कोणत्या चौकोनात, कोणत्या महिन्यांत, किती नावा जातात एवढेच असेल. चौकोन किती किलोमीटरचा धरायचा यावर अजून एकमत झालेले नाही.